चार भिंतींतील झुंज : आशियाई स्क्वॉश अजिंक्यपदाची वाटचाल

५ मे २०१९ रोजी मलेशियातील क्वालालंपूर येथे आशियाई वैयक्तिक स्क्वॉश अजिंक्यपद स्पर्धेचा अंतिम सामना झाला. भारताचे सौरव घोषाल यांनी हाँगकाँगच्या लिओ आऊ यांचा ११-९, ११-२, ११-८ असा सरळ तीन गेममध्ये पराभव केला आणि या खंडातील पुरुषांचे वैयक्तिक अजिंक्यपद प्रथमच एका भारतीय खेळाडूकडे आले. त्याच दिवशी जोश्ना चिनप्पा यांनी हाँगकाँगच्याच ॲनी आऊ यांच्यावर मात करून महिलांचे अजिंक्यपद आपल्याकडे कायम राखले. देशात त्या वेळी लोकसभेच्या निवडणुका चालू होत्या आणि क्रिकेटचा मोसमही ऐन भरात होता. त्यामुळे ही वार्ता अनेकांच्या नजरेतून सुटली असल्यास नवल नाही.

परंतु या विजयाचे महत्त्व केवळ एका चषकापुरते मर्यादित नाही. स्क्वॉश हा खेळ भारतीय उपखंडात ब्रिटिश राजवटीच्या काळातच रुजला होता. या उपखंडातील खेळाडूंनी पुढे जगावर अनेक वर्षे निर्विवाद वर्चस्व गाजविले. असे असतानाही भारताला खंडाच्या पुरुष एकेरीच्या अजिंक्यपदासाठी २०१९ पर्यंत थांबावे लागले. हा विलंब का झाला आणि अखेर कोणत्या मार्गाने यश मिळाले, हे समजून घेणे क्रीडाविकासाच्या दृष्टीने उद्बोधक आहे. या वाटचालीत मुंबई शहराचाही दोन वेळा महत्त्वाचा संबंध आला आहे.

खेळाचे स्वरूप

टेनिस किंवा बॅडमिंटनमध्ये दोन प्रतिस्पर्धी जाळ्याच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे असतात. स्क्वॉशमध्ये मात्र जाळे नसते. दोन्ही खेळाडू एकाच बंदिस्त जागेत, एकाच दिशेला तोंड करून, जवळजवळ खांद्याला खांदा लावून खेळतात. हे कोर्ट ९.७५ मीटर लांब आणि ६.४ मीटर रुंद असते. चारही बाजूंना भिंती असतात. खेळाडूने मारलेला चेंडू समोरच्या भिंतीवर आदळलाच पाहिजे. तेथे पोहोचण्यापूर्वी किंवा तेथून परत येताना तो बाजूच्या अथवा मागच्या भिंतीला लागला तरी चालते. प्रतिस्पर्ध्याने तो चेंडू जमिनीवर एकापेक्षा अधिक टप्पे पडण्यापूर्वी परतवावयाचा असतो.

समोरच्या भिंतीच्या तळाशी पत्र्याची एक पट्टी बसविलेली असते. तिला ‘टिन’ असे म्हणतात. तिची प्रचलित उंची ४८ सेंटिमीटर असून पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत ती ४३ सेंटिमीटर ठेवतात. चेंडू या पट्टीवर आदळला की ठणका वाजतो आणि गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो. वरच्या बाजूस ४.५७ मीटर उंचीवर बाहेरची रेषा असते. ही रेषा बाजूच्या भिंतींवरून उतरत जाऊन मागच्या भिंतीवर २.१३ मीटर उंचीवर येते. या दोन मर्यादांच्या आत चेंडू राखूनच सारे कौशल्य दाखवावयाचे असते.

स्क्वॉशचा चेंडू हा मोठा वैशिष्ट्यपूर्ण असतो. पातळ रबराचा, आतून पोकळ, सुमारे ४० मिलिमीटर व्यासाचा आणि साधारण २४ ग्रॅम वजनाचा हा चेंडू थंड असताना जवळजवळ उसळतच नाही. म्हणूनच सामन्यापूर्वी दोन्ही खेळाडू काही मिनिटे तो भिंतीवर मारून गरम करतात. वारंवार आदळण्यामुळे रबर तापते, आतील हवेचा दाब वाढतो आणि चेंडूला जिवंतपणा येतो. मोठ्या स्पर्धांत दोन पिवळे ठिपके असलेला चेंडू वापरतात. तो सर्वांत कमी उसळतो. नवख्या खेळाडूंसाठी अधिक उसळणारे चेंडू मिळतात.

कोर्टवरील रेषा जमिनीवर मध्यभागी इंग्रजी ‘टी’ अक्षराचा आकार तयार करतात. या ठिकाणी उभा राहणारा खेळाडू कोर्टच्या चारही कोपऱ्यांपासून जवळजवळ सारख्या अंतरावर असतो. त्यामुळे स्क्वॉशचा सामना हा वस्तुतः या जागेच्या ताब्यासाठी चाललेला झगडा असतो. भिंतीला चिकटून जाणारा लांब फटका मारून प्रतिस्पर्ध्याला मागच्या कोपऱ्यात ढकलावयाचे, स्वतः मधली जागा घ्यावयाची, आणि तो मागे गुंतला असताना चेंडू अलगद पुढच्या कोपऱ्यात टाकावयाचा, हे या खेळाचे मूलसूत्र होय. सांगावयास ते सोपे असले तरी प्रत्यक्षात तासभर वाकणे, धावणे, थांबणे आणि पुन्हा वळणे यासाठी असामान्य दमसास लागतो.

दोन खेळाडू एकाच जागेत वावरत असल्यामुळे एकमेकांच्या आड येण्याचे प्रसंग वरचेवर घडतात. अशा वेळी पंचांचा निर्णय निर्णायक ठरतो. अडथळा साधा असेल आणि खेळाडूला चेंडू परतविता आला असता, तर तो गुण पुन्हा खेळविला जातो. प्रतिस्पर्ध्याने हक्काचा फटका अडविला असेल तर गुण थेट बहाल केला जातो. अडथळा नगण्य असल्यास दाद मिळत नाही. खिलाडूवृत्तीची कसोटी या खेळात क्षणोक्षणी लागते ती यामुळेच.

पूर्वी गेम ९ गुणांचा असे आणि सर्व्हिस करणाऱ्यालाच गुण मिळे. आता गेम ११ गुणांचा असून सर्व्हिस कोणाचीही असली तरी प्रत्येक चढाओढीचा गुण मोजला जातो. दोघांचे गुण १०-१० झाल्यास दोन गुणांची आघाडी घ्यावी लागते. पाचांपैकी तीन गेम जिंकणारा विजयी होतो.

पेशावरचा मुलगा आणि मुंबईचे मैदान

स्क्वॉशचा उगम इंग्लंडमध्ये झाला. लंडननजीकच्या हॅरो या प्रसिद्ध शाळेतील विद्यार्थी एकोणिसाव्या शतकात ‘रॅकेट्स’ नावाचा जुना खेळ खेळत असत. त्यासाठी वापरला जाणारा चेंडू कठीण असे. त्याऐवजी मऊ, दबणारा चेंडू वापरल्यास खेळाला वेगळीच रंगत येते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि त्यातून स्क्वॉश जन्मास आला. ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांबरोबर हा खेळ भारतातील छावण्यांत व क्लबांत येऊन पोहोचला. थोडक्या जागेत, थोडक्या वेळात भरपूर व्यायाम देणारा म्हणून तो अधिकाऱ्यांना प्रिय झाला.

या क्लबांची दारे सामान्य भारतीयाला खेळाडू म्हणून बंदच होती. तो आत जाई तो नोकर म्हणून, चेंडू गोळा करणारा मुलगा म्हणून, किंवा फार तर साहेबाला सराव देणारा म्हणून. पेशावरजवळील नवाकिल्ली या गावचे हाशिम खान यांनी असेच चेंडू गोळा करता करता हा खेळ आत्मसात केला. तेथील कोर्टांना छप्परही नव्हते. भिंतीवरून बाहेर उडालेले चेंडू आणून द्यावयाचे आणि साहेबलोक निघून गेल्यावर अनवाणी पायांनी स्वतः खेळावयाचे, हाच त्यांचा अभ्यासक्रम होता.

याच हाशिम खान यांनी १९४४ मध्ये मुंबई येथे झालेली अखिल भारतीय स्क्वॉश अजिंक्यपद स्पर्धा जिंकली आणि पुढील दोन वर्षे ते अजिंक्यपद राखले. पुढे जागतिक कीर्ती मिळविणाऱ्या या खेळाडूची गुणवत्ता भारतीय क्रीडारसिकांनी प्रथम पाहिली ती मुंबईत. मुंबईतील स्पर्धांत त्यांच्याशी अनेकदा दोन हात करणारे आणि त्यांच्याकडून पराभूत होणारे एक खेळाडू म्हणजे अब्दुल बारी. ते हाशिम यांचे दूरचे नातलग होते. फाळणीनंतर हाशिम पाकिस्तानात गेले आणि बारी यांनी भारतात राहणे पसंत केले.

१९५० मध्ये भारताच्या वतीने अब्दुल बारी लंडनच्या ब्रिटिश खुल्या स्पर्धेसाठी गेले. त्या काळी ही स्पर्धा जागतिक अजिंक्यपदाच्या तोलाची मानली जात असे. बारी यांनी अंतिम फेरीपर्यंत मजल मारली आणि इजिप्तचे महमूद करीम यांच्याकडून ते पराभूत झाले. आपण ज्याला अनेकदा हरविले तो खेळाडू लंडनमध्ये उपविजेता ठरतो, ही वार्ता ऐकून हाशिम खान यांच्या मनात तेथे जाण्याची जिद्द निर्माण झाली. १९५१ मध्ये, वयाची तिशी उलटून गेलेली असताना, ते प्रथमच त्या स्पर्धेत उतरले आणि महमूद करीम यांचा ९-५, ९-०, ९-० असा फडशा पाडून विजेते झाले. त्यानंतर १९५८ पर्यंत एक वर्ष वगळता दर वर्षी ही स्पर्धा त्यांनीच जिंकली. वगळलेल्या १९५७ या वर्षाचे विजेतेही त्यांचेच नातलग रोशन खान होते.

हा प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. १९५० साली भारताचा खेळाडू जगातील दुसऱ्या क्रमांकाच्या स्थानी होता. पाकिस्तानने हाशिम यांच्या यशानंतर हवाई दल व अन्य संस्थांच्या आश्रयाखाली हा खेळ जोपासला. हाशिम यांचे बंधू आझम यांनी १९५९ ते १९६२ अशी सलग चार वर्षे ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकली. रोशन खान यांचे चिरंजीव जहांगीर यांनी १९८२ ते १९९१ अशी सलग दहा वर्षे तोच पराक्रम केला. १९८१ पासून १९८६ च्या नोव्हेंबरपर्यंत पाच वर्षांहून अधिक काळ जहांगीर यांना कोणी हरवू शकले नाही. त्यांच्यानंतर जान्शेर खान यांनी जागतिक खुले अजिंक्यपद आठ वेळा मिळविले. भारतात मात्र कोर्ट क्लबांतच राहिले. बारी यांच्या यशानंतर त्या उंचीवर जाणारा खेळाडू घडविणारी व्यवस्था उभी राहिली नाही.

आशियाई स्पर्धेची घडण

आशियाई स्क्वॉश महासंघाची स्थापना १९८० मध्ये झाली आणि त्यानंतर खंडाच्या पातळीवरील स्पर्धांना नियमित रूप आले. या महासंघाच्या वतीने सांघिक आणि वैयक्तिक अशी दोन स्वतंत्र अजिंक्यपदे आयोजित केली जातात. वैयक्तिक स्पर्धा साधारणपणे दर दोन वर्षांनी एखाद्या सदस्य देशात भरते. तीत पुरुष व महिला यांच्या स्वतंत्र फेऱ्या असतात. बाद पद्धतीने खेळल्या जाणाऱ्या या स्पर्धेत एक पराभव म्हणजे परतीचा प्रवास. म्हणूनच अजिंक्यपद मिळविण्यासाठी लागोपाठ काही दिवस, दररोज, एकही चूक महाग पडू न देता खेळावे लागते.

सामान्य वाचकांचा या स्पर्धेची आशियाई क्रीडा स्पर्धेशी गल्लत करण्याचा संभव असतो. आशियाई क्रीडा स्पर्धा चार वर्षांनी भरते आणि तीत अनेक खेळांचा समावेश असतो. स्क्वॉशला तेथे १९९८ मध्ये बँकॉक येथे प्रथम प्रवेश मिळाला. आशियाई अजिंक्यपद हे निव्वळ स्क्वॉशचे असून त्या खेळापुरते खंडातील श्रेष्ठत्व तेथे निश्चित होते. या दोन्ही स्पर्धांत बहुतेक तेच खेळाडू उतरत असल्यामुळे दोहोंचा इतिहास एकमेकांत गुंफलेला आहे.

प्रारंभीच्या काळात पुरुषांच्या स्पर्धांवर पाकिस्तानची छाप असणे स्वाभाविक होते. बँकॉक येथील पहिले आशियाई सुवर्णपदकही त्या देशाचे झरक जहान खान यांनी पटकाविले. परंतु त्यानंतर चित्र झपाट्याने पालटले. २००२ मध्ये बुसान व २००६ मध्ये दोहा येथे मलेशियाचे ओंग बेंग ही विजयी झाले. २०१० मध्ये ग्वांगझू येथे मलेशियाचेच मोहम्मद अझलन इस्कंदर, २०१४ मध्ये इंचॉन येथे कुवेतचे अब्दुल्ला अल मुझायेन आणि २०१८ मध्ये जाकार्ता येथे हाँगकाँगचे लिओ आऊ यांनी एकेरीचे सुवर्णपदक मिळविले. वीस वर्षांत विजेतेपद एका देशाकडून तीन नव्या प्रदेशांकडे गेले.

हा बदल आपोआप घडला नाही. मलेशियात शासकीय क्रीडा यंत्रणेने लहान वयातच मुलामुलींची निवड करून त्यांना प्रशिक्षक, आहार, शिक्षण आणि परदेशी स्पर्धांची संधी दिली. पेनांगच्या निकोल डेव्हिड यांनी महिलांचे जागतिक अजिंक्यपद आठ वेळा जिंकले, त्यामागे ही व्यवस्था उभी होती. हाँगकाँगसारख्या दाटीवाटीच्या शहरात मोठ्या मैदानांना जागा नाही. पण स्क्वॉशला फार जागा लागत नाही. तेथील प्रशासनाने सार्वजनिक क्रीडागृहांत स्क्वॉशची कोर्ट बांधली आणि ती ठरावीक शुल्कात तासावारी कोणाही नागरिकास उपलब्ध करून दिली. ज्या खेळाचे कौशल्य एके काळी एका गावातील काही घराण्यांचा वारसा समजले जात होते, ते योग्य प्रशिक्षणाने अन्यत्रही निर्माण करता येते, हे या देशांनी सिद्ध केले.

भारताची वाट

भारतातील परिस्थिती पालटण्यास चेन्नई येथून प्रारंभ झाला. तेथे भारतीय स्क्वॉश अकादमी स्थापन झाली. मलेशियाचे अनुभवी प्रशिक्षक मेजर मणियम आणि भारताचे सायरस पोंचा यांच्या देखरेखीखाली निरनिराळ्या राज्यांतील होतकरू मुले एकत्र येऊन सराव करू लागली. यापूर्वी चांगला खेळाडू हा आपापल्या शहरातील क्लबात एकाकी वाढत असे. त्याला तोडीस तोड प्रतिस्पर्धी मिळत नसे. अकादमीमुळे ही उणीव दूर झाली. रोज सकाळी आपल्याइतक्याच किंवा आपल्याहून सरस खेळाडूशी गाठ पडणे हे प्रशिक्षणातील सर्वांत मोलाचे साधन असते.

सौरव घोषाल हे मूळचे कोलकात्याचे. त्यांचा जन्म १९८६ चा. कोलकाता येथील रॅकेट क्लबात त्यांनी खेळास आरंभ केला आणि पुढील प्रशिक्षणासाठी चेन्नई गाठली. २००४ च्या प्रारंभी त्यांनी इंग्लंडमध्ये १९ वर्षांखालील गटाची ब्रिटिश कनिष्ठ खुली स्पर्धा जिंकली. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय ठरले. लीड्स विद्यापीठात शिक्षण घेत असताना त्यांनी जवळच्याच पाँटिफ्रॅक्ट येथे माल्कम विल्सट्रॉप या नामवंत प्रशिक्षकांकडे खेळाचे पुढील धडे घेतले. २००६ मध्ये दोहा येथे त्यांनी मिळविलेले कांस्यपदक हे आशियाई क्रीडा स्पर्धेतील स्क्वॉशचे भारताचे पहिले पदक होते.

तथापि, वैयक्तिक सुवर्णाने त्यांना दीर्घकाळ हुलकावणी दिली. २०१४ मध्ये इंचॉन येथे ते अंतिम फेरीत पोहोचले. कुवेतच्या अल मुझायेन यांच्याविरुद्ध पहिले दोन गेम त्यांनी १२-१०, ११-२ असे जिंकले. आणखी एक गेम मिळाला असता तर सुवर्णपदक हाती होते. तिसरा गेम १२-१४ असा निसटला. चौथा ८-११ आणि पाचवा ९-११ असा गेला. हातातोंडाशी आलेला घास जाणे म्हणजे काय, याचा अनुभव त्या दिवशी भारतीय स्क्वॉशने घेतला. मात्र त्याच स्पर्धेत काही दिवसांतच भारतीय पुरुष संघाने मलेशियाचा पराभव करून सांघिक सुवर्णपदक पटकाविले आणि त्या विजयात घोषाल यांचा वाटा मोठा होता. एकेरीतील पराभवाने खचून न जाता ते पुन्हा कोर्टवर उतरले, ही गोष्ट पदकाइतकीच मोलाची मानली पाहिजे.

२०१७ मध्ये आशियाई वैयक्तिक अजिंक्यपद स्पर्धा भारतात, चेन्नई येथे भरली. अंतिम सामने एका व्यापारी संकुलात उभारलेल्या काचेच्या कोर्टवर झाले. बाजारहाटासाठी आलेल्या लोकांनाही काचेपलीकडील खेळ पाहावयास मिळाला. एके काळी क्लबाच्या भिंतींआड दडलेल्या खेळाच्या भिंती अशा रीतीने पारदर्शक झाल्या. महिलांच्या अंतिम फेरीत दोन्ही खेळाडू भारतीय होत्या. जोश्ना चिनप्पा यांनी दीपिका पल्लिकल यांच्यावर पाच गेमच्या झुंजीनंतर विजय मिळविला आणि आशियाई वैयक्तिक अजिंक्यपद भारताकडे प्रथमच आणले. पुरुषांच्या अंतिम फेरीत घोषाल यांची गाठ हाँगकाँगच्या मॅक्स ली यांच्याशी पडली. घरच्या प्रेक्षकांसमोर घोषाल पुन्हा उपविजेते राहिले.

त्यानंतर दोन वर्षांनी क्वालालंपूरची संधी आली. २०१९ च्या एप्रिलमध्ये घोषाल जागतिक क्रमवारीत दहाव्या स्थानी पोहोचले होते. पहिल्या दहांत प्रवेश करणारे ते पहिले भारतीय पुरुष खेळाडू होत. अंतिम फेरीत त्यांच्यासमोर होते जाकार्ताचे सुवर्णपदक विजेते लिओ आऊ. पहिला गेम चुरशीचा झाला. ११-९ असा तो घोषाल यांनी घेतला. दुसऱ्यात त्यांनी प्रतिस्पर्ध्याला केवळ दोन गुण दिले. इंचॉनला याच टप्प्यावर, दोन गेमची आघाडी असताना, सामना हातातून गेला होता. या वेळी त्यांनी तिसरा गेम ११-८ असा जिंकून तसे घडू दिले नाही. वयाच्या ३२ व्या वर्षी, दोन मोठ्या अंतिम फेऱ्या गमावल्यानंतर मिळालेले हे अजिंक्यपद म्हणजे दीर्घ साधनेचे फळ होते.

महाराष्ट्राचा वाटा

या यशाच्या पाठोपाठ २०२३ मध्ये चीनमधील हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारतीय पुरुष संघाने पुन्हा सुवर्णपदक मिळविले. अंतिम सामना पाकिस्तानशी होता. भारतीय संघात मुंबईचे महेश माणगावकर यांचा समावेश होता. २०१४ च्या सुवर्णविजेत्या संघाचेही ते सदस्य होते. हांगझोऊच्या अंतिम सामन्यात पहिली लढत माणगावकर यांनी गमावली; दुसरी घोषाल यांनी जिंकून बरोबरी साधली. निर्णायक लढतीत चेन्नईचे अभय सिंग यांच्यासमोर नूर जमान होते. १९७५ मध्ये ब्रिटिश खुली स्पर्धा जिंकणाऱ्या कमर जमान यांचे ते नातू. पाचव्या गेममध्ये ८-१० असे मागे पडलेले असताना अभय सिंग यांनी सलग चार गुण घेतले आणि १२-१० असा विजय मिळविला. एका बाजूला घराण्याचा वारसा आणि दुसऱ्या बाजूला प्रशिक्षण केंद्रातून घडलेला खेळाडू, अशी ती लढत होती.

त्याच स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत घोषाल यांना मलेशियाचे एंग इयान याओ यांच्याकडून पराभव पत्करावा लागला आणि रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांनी व्यावसायिक स्पर्धांतून निवृत्ती जाहीर केली. २०२२ मध्ये बर्मिंगहॅम येथे राष्ट्रकुल स्पर्धेतील एकेरीचे कांस्यपदकही त्यांनी मिळविले होते. भारतासाठी स्क्वॉश एकेरीतील ते तेथील पहिलेच पदक होय.

मुंबईचा या खेळाशी दुसरा महत्त्वाचा संबंध आला तो १६ ऑक्टोबर २०२३ रोजी. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१ वे अधिवेशन त्या वेळी मुंबईत भरले होते. या अधिवेशनात २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिक स्पर्धेत स्क्वॉशचा समावेश करण्यास मान्यता देण्यात आली. त्याच ठरावाने क्रिकेटलाही ऑलिंपिकचे दार पुन्हा उघडले, त्यामुळे साहजिकच सर्वांचे लक्ष क्रिकेटकडे गेले. परंतु स्क्वॉशच्या खेळाडूंना हा दिवस अनेक वर्षांच्या प्रतीक्षेनंतर लाभला होता. यापूर्वी या खेळाची मागणी वारंवार अमान्य झाली होती. जहांगीर, जान्शेर, निकोल डेव्हिड यांच्यासारखे श्रेष्ठ खेळाडू ऑलिंपिक पदकाला वंचित राहिले, ते गुणवत्तेच्या अभावी नव्हे, तर त्यांचा खेळच त्या यादीत नव्हता म्हणून. ज्या शहरात १९४४ साली हाशिम खान यांनी अखिल भारतीय अजिंक्यपद मिळविले, त्याच शहरात स्क्वॉशला ऑलिंपिकचा मान मिळावा, हा एक सुखद योगायोग म्हटला पाहिजे.

पुढील दिशा

आशियाई अजिंक्यपदाच्या या इतिहासातून एक बोध स्पष्टपणे निघतो. स्क्वॉशमधील गुणवत्ता ही कोणत्याही एका कुळाची किंवा प्रदेशाची मिरास नाही. जेथे कोर्ट सर्वांना खुले होते, जेथे जाणता प्रशिक्षक असतो आणि जेथे तुल्यबळ सहकारी मिळतात, तेथे अजिंक्यवीर निर्माण होतात. नवाकिल्लीच्या मुलांना क्लबाच्या कोर्टमध्ये मागील दाराने का होईना, प्रवेश मिळाला, म्हणून तेथे जगज्जेते घडले. हाँगकाँगमध्ये पुढील दार उघडले गेले, म्हणून तेथे घडले.

आपल्याकडे या खेळाची मुख्य अडचण कोर्टचीच आहे. स्क्वॉशचे कोर्ट बांधण्यास गुळगुळीत आणि काटेकोर मापाच्या भिंती, लाकडी जमीन, उत्तम प्रकाश आणि हवा खेळती राहण्याची व्यवस्था लागते. त्यामुळे आरंभीचा खर्च लहान नसतो आणि मोकळ्या पटांगणात दोन खुंट्या रोवून हा खेळ सुरू करता येत नाही. परंतु एकदा बांधलेले कोर्ट पावसाळ्यातही बंद पडत नाही आणि त्यास जागा थोडकी लागते. मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांत, जेथे मुलांना खेळावयास मोकळी मैदाने दुर्मिळ होत चालली आहेत, तेथे ही बाब विशेष विचारात घेण्यासारखी आहे. महानगरपालिकांची क्रीडासंकुले, विद्यापीठे आणि मोठ्या शिक्षणसंस्था यांनी आपल्या इमारतींत एक-दोन कोर्टांची तरतूद केली आणि परिसरातील शाळांना ठरावीक वेळ राखून ठेवली, तर या खेळाचा पाया रुंदावण्यास मोठी मदत होईल.

प्रशिक्षणाचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती योग्य उसळीचा चेंडू देणे, त्याच्या मनगटाची व पावलांची ठेवण सुधारणे, डोळ्यांच्या संरक्षणासाठी चष्मा वापरण्याची सवय लावणे आणि आडवे येणाऱ्या प्रतिस्पर्ध्याशी सौजन्याने कसे वागावे हे शिकविणे, ही सारी कामे जाणत्या मार्गदर्शकाची आहेत. निवृत्त होणाऱ्या खेळाडूंचा अनुभव या कामी लावता येईल.

क्वालालंपूर येथे ५ मे २०१९ रोजी सौरव घोषाल यांनी जिंकलेला सामना तीन गेममध्ये संपला. पण त्या तीन गेमच्या मागे अब्दुल बारी यांच्या लंडनमधील पराभवापासून ६९ वर्षांचा काळ उभा होता. पुढील अजिंक्यवीरासाठी इतका काळ लागू नये, असे वाटत असेल, तर आज एखाद्या क्रीडागृहाच्या काचेला नाक लावून आतील खेळ पाहणाऱ्या मुलाला आत बोलावून त्याच्या हाती रॅकेट दिली पाहिजे.